करीच्या दिवशीचे शहाऐंशी

ब्रेकर उघडला, म्हणजे लाईन तोडली, की उपकेंद्राच्या यार्डातून धाड असा आवाज येतो. सव्वीस वर्षं मी तो ऐकत आलो आहे. दार लावून बसलं तरी येतो, कूलर चालू असला तरी येतो. एकदा खुर्चीत डुलकी लागली होती, तर त्या आवाजानं दचकून मी "काय पडलं गं ललिता?" असं विचारलं होतं आणि हँडओव्हरला आलेला पुढच्या पाळीचा ऑपरेटर आठवडाभर हसत होता. त्या मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला तो आवाज आला नाही. स्क्रीनवर मात्र सगळं यथासांग झालं. मी माऊस दाबला, गावठाण फीडरचा, म्हणजे गावाकडे जाणाऱ्या लाईनचा, लाल चौकोन हिरवा झाला (आमच्याकडे लाल म्हणजे चालू आणि हिरवा म्हणजे बंद, जगाच्या उलट), शहाऐंशी अँपियरचं शून्य झालं आणि मी फोनवर लाईनमन बाबूलालला परमिटचा नंबर देऊन टाकला. परमिट म्हणजे माझा शब्द, की लाईन बंद केली आहे, आता खांबावर चढायला हरकत नाही. "चढतो मंग," बाबूलाल म्हणाला. मी नंबर वहीत लिहिला, त्याखाली रेघ मारली, थर्मासमधला चहा झाकणात ओतला, आणि चहा ओतल्याचा आवाज ऐकल्यावर मला कळलं की दुसरा एक आवाज राहिला आहे.

उठून पाहायला हवं होतं. आमचं उपकेंद्र रिसोड तालुक्यात आहे. गावाचं नाव सांगत नाही, चौकशी चालू आहे. कंट्रोल रूमच्या खिडकीतून यार्ड दिसतं, पण ब्रेकरची पेटी पाठमोरी उभी आहे. तिच्यावरची लाल-हिरवी पट्टी पाहायची आणि तिच्यातला मीटर वाचायचा तर बेचाळीस पावलं चालावं लागतं. मी अकरा मिनिटं बसून राहिलो. नंतर चौकशीत मला लेखी विचारलं, त्या अकरा मिनिटांत आपण काय करत होता? विचार करत होतो, असं सरकारी कागदावर लिहिता येत नाही. खरं तर मला शंका आली ती माझ्या कानांवर, स्क्रीनवर नाही. स्क्रीन दोन वर्षांपूर्वी आली, नवी आहे, तिला कशाला काय होईल? माझे कान चौपन्न वर्षांचे आहेत. माझी बायको ललिता जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून वाशीमच्या खोलीत मी एकटाच असतो, आणि एकट्या माणसाचे आवाज पक्के होत नाहीत. "किती शिट्ट्या झाल्या गं?" असं विचारलं की ती आतून "दोन" म्हणायची, आणि त्या दोन व्हायच्या. आता कुकर वाजतो, मी मोजतो, आणि दोन झाल्या की तीन, हे सांगायला कोणी नसतं. भात कधी कच्चा राहतो, कधी गिचका होतो. स्टेशन जवळ आहे, गाडी गेली की भांडी थरथरतात. पण कधी कधी भांडी थरथरलेली दिसतात आणि गाडी ऐकू आलेलीच नसते. तेव्हा धाड झालं असेल, मीच कुठेतरी असेन, असं मी स्वतःला समजावत होतो. चहावर साय धरली.

पूर्वी असं समजावायची गरज नव्हती, कारण पूर्वी बाबूलाल स्वतः यायचा. ब्रेकर उघडल्यावर मी यार्डात जाऊन आयसोलेटरचा लोखंडी दांडा ओढायचो, म्हणजे लाईन डोळ्यांना दिसेल अशी तुटायची, आणि मग बाबूलाल गळ्यातला दुपट्टा काढून त्या दांड्याला बांधायचा. कुलूप होतं, पण कुलपावर त्याचा विश्वास नव्हता. "कुलूप सरकारचं हाय, दुपट्टा माया हाय," म्हणायचा. त्याचा मळका, घामट, एका कोपऱ्याला जळालेला दुपट्टा दांड्याला दिसला की कोणत्याही पाळीचा कोणताही माणूस त्या दांड्याला हात लावत नसे. काम झाल्यावर तो स्वतः येऊन सोडायचा, गळ्यात टाकायचा, माझ्या थर्मासमधला चहा प्यायचा आणि चहाला नावं ठेवून जायचा. स्क्रीन आल्यावर आमच्या धीरजसाहेबांनी सांगितलं की आता सगळं खुर्चीतून होतं, लाईनमननं केवळ परमिटसाठी दहा किलोमीटर यायचं कारण नाही. कोणाला वाईट वाटलं नाही. बाबूलालचं पेट्रोल वाचलं, माझी चाळीस-बेचाळीस पावलं वाचली. माझ्याकडे येणारं एक माणूस कमी झालं, हे मी कोणाला सांगणार होतो?

अकरा एक्कावन्नला मी उठलो. मोठं काही कळलं म्हणून नाही. चहा गार झाला, तो फेकायला बाहेर आलो आणि पाय आपोआप गिट्टीवर गेले. पट्टी लाल होती. पेटीचं दार उघडलं तर मीटरवर एकोणऐंशी, मग ऐंशी, मग पुन्हा एकोणऐंशी. लाईन जिवंत होती आणि बाबूलाल तिच्यावर होता. फोन लावला, वाजत राहिला. चढताना तो फोन मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवतो हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी मी तो पूर्ण वाजेपर्यंत कानाला धरून उभा राहिलो. पेटीत एक चावी असते. ती रिमोटवरून लोकलवर फिरवली की ब्रेकर स्क्रीनचं ऐकणं बंद करतो आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचं ऐकतो. दोन वर्षं न फिरवल्यानं ती घट्ट झाली होती. दोन्ही हातांनी फिरवली, अंगठ्याचं कातडं निघालं, लाल बटण आत दाबलं. धाड. इतक्या जवळून तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मला रडू आलं, आणि त्या यार्डात पाहणारं कोणी नव्हतं म्हणून मी ते येऊ दिलं.

बाबूलाल खांबावर बसून पक्कड काढत होता. हे त्यानं मला नाही, दुसऱ्यांना सांगितलं. खाली दालमिल चालू होती, ती त्याला ऐकू येत होती, पण मिलवाल्यांनी जनरेटर लावला असेल असं त्यानं धरलं. परमिट माझ्या तोंडचं होतं ना. तारेतली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड आधी लावायचा असतो, तो गाडीलाच बांधलेला राहिला. पक्कड हातात घेतली आणि मिल एकदम बंद झाली. तेव्हा त्याला कळलं की आतापर्यंत ती आमच्याच विजेवर चालली होती. तो तसाच किती वेळ खांबाला धरून बसला माहीत नाही. दुपारी चारला पाळी संपताना तो गेटवर आला, मोटरसायकल बंद न करता म्हणाला, "तूनं मले बंद सांगतलं व्हतं." मी म्हणालो, "स्क्रीनवर बंद दिसत होतं बाबूलाल." "मी का स्क्रीनले इचारलं व्हतं?" म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. परमिट दुसऱ्या पाळीत घ्यायचा.

तिसऱ्या दिवशी उज्ज्वला मॅडम आल्या. वीजयंत्रणेच्या कॉम्प्युटरवरचे हल्ले तपासणाऱ्या पथकातल्या, पस्तिशीच्या, पाठीवर सॅक, पायात कापडी बूट. बोलणं ऑफिसचं, स्वच्छ; पण पोहे पुढे केले तर "सांभार नाही का वरून?" असं कोथिंबिरीबद्दल विचारलं तेव्हा कळलं की माहेर कारंज्याचं आहे. त्यांनी आमचा कॉम्प्युटर उघडून दोन दिवस त्यात डोकं घातलं आणि मग मला शेजारी बसवून समजावून सांगितलं. मला कोणी शेजारी बसवून काही सांगितल्याला बरेच दिवस झाले होते, म्हणून मी लक्ष देऊन ऐकलं. हा एक व्हायरस नाही, म्हणाल्या, सुटे तुकडे आहेत. एक तुकडा फक्त दार उघडतो. बहुतेक दुरुस्तीला आलेल्या कोणाच्या तरी लॅपटॉपमधून आला. दुसरा महिनोन्‌महिने काही करत नाही, नुसता ऐकतो, कोणता ब्रेकर कोणत्या भाषेत बोलतो ते शिकतो. तिसरा त्या भाषेत हुकूम देतो किंवा तुमचा हुकूम मधेच गिळतो. चौथा स्क्रीनवर जुने, चांगल्या दिवसांचे आकडे पुन्हा पुन्हा दाखवत राहतो, आणि तुम्ही बंद केलं की शून्यही दाखवतो, म्हणजे खुर्चीतल्या माणसाला सगळं ठीक वाटावं. आणि शेवटचा जाताना ठसे पुसतो. एकाला दुसऱ्याची ओळख असावी लागत नाही. इथे ब्रेकरचा तुकडा बसवला, उद्या पाणीपुरवठ्यात पंपाचा बसवतील. मी म्हणालो, "म्हणजे लग्नासारखं. मांडववाला वेगळा, बँडवाला वेगळा, आचारी वेगळा, नवरीचं नाव कोणालाच माहीत नाही." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आणि हे लग्न अजून लागलेलं नाही. तुमच्याकडे रंगीत तालीम झाली. एकाच वेळी जिल्ह्यातली सगळी उपकेंद्रं, हा त्यांचा मुहूर्त असणार."

त्या दिवशी संध्याकाळी दीपाचा फोन आला. धम्मदीपा माझी एकुलती मुलगी, पुण्याला असते, रोज सातला फोन करते. "बाबा, जेवले काय?" "हो, जेवलो." "काय केलं?" "वरण-भात, पालकाची भाजी." "बरे आहा ना?" "एकदम." पालक मी महिनाभरात आणलेला नव्हता. फोन ठेवल्यावर चौथ्या तुकड्याची आठवण झाली आणि मी खोलीतला दिवा लावायचा विसरून तसाच बसलो. तीन वर्षं तिला हेच आकडे जात होते. तिचा त्यांवर विश्वास होता म्हणून ती तिकडे नीट झोपत होती, असं मी मानत आलो.

खरी गोष्ट पुढे आहे. सातव्या दिवशी मॅडमनी धीरजसाहेबांच्या समोर माझ्या लॉगशीटचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि माझं कौतुक केलं. लॉगशीट म्हणजे दर तासाला यार्डात जाऊन मीटरवरचा आकडा पाहायचा आणि चौकोनात लिहायचा. ठसे पुसले गेल्यामुळे कॉम्प्युटरमध्ये पुरावा उरला नव्हता. उरला होता तो माझा कागद. त्यांनी तीन महिन्यांचे माझे आकडे सर्व्हरमध्ये साठलेल्या स्क्रीनच्या आकड्यांशी जुळवले. सगळे जुळले, एकूण एक. "म्हणजे घटनेच्या दिवसापर्यंत स्क्रीन खरं तेच दाखवत होती," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा आधीच्या रविवारचा बॅकअप स्वच्छ आहे. तोच आपण सगळ्या उपकेंद्रांत परत बसवू. धम्मरत्नभाऊंनी चोख कागद ठेवला म्हणून हे कळलं, नाहीतर अंधारात चाचपडत बसलो असतो." साहेब म्हणाले, त्यांचं नाव वर पाठवतो. शिपायानं चहा आणला. मी कप उचलला नाही.

कारण ते आकडे जुळणारच होते. मी ते स्क्रीनवरूनच उतरवले होते. यार्डात कोण जातं? स्क्रीन आल्यापासून मी खुर्चीत बसून लिहीत होतो, आणि खोटं कशाला बोलू, पुष्कळदा दहाला बसून दुपारी तीनपर्यंतचे चौकोन भरून टाकत होतो, दोन-तीन अँपियर इकडेतिकडे करून, आणि नंतर स्क्रीनशी जुळले नाहीत तर खोडरबर. सव्वीस वर्षांत माझा एक चौकोन रिकामा नव्हता. माझे वडील देवमन याच खात्यात खांब वाहायला होते, खड्डे खणायला, रोजंदारीवर. अंगठा करायचे. मी ऑपरेटर झालो तेव्हा एकदा धुतलेलं धोतर नेसून मला पाहायला आले, दाराजवळच्या बाकावर बसले आणि तासभर मी लिहितो ते पाहत राहिले. निघताना म्हणाले, "पोल मी उभे केले, पन ते कुटी माया नावानं नाईत. तुये आकडे तुया नावानं हायेत. जे लिवलं ते राह्यते बापू." त्यांच्या घरात ज्या फोटोला ते रोज हात जोडायचे, त्यातल्या निळ्या कोटातल्या माणसाच्या खिशाला पेन होतं, आणि लिहिलेलं खोटं असू शकतं ही गोष्ट त्यांच्या मनात कधी आलीच नसावी. ते गेले ते बरं झालं, असं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

आणि एवढ्यावरही मी कदाचित गप्प बसलो असतो. नोकरीची चार वर्षं राहिली होती, कौतुक समोर होतं, आणि रविवारचा बॅकअप चुकून स्वच्छ निघालाही असता. पण मला पोळ्याची कर आठवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे औत जुंपत नाहीत, मजूर येत नाही, मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात, आणि दालमिलला कुलूप असतं. करीला गावठाण फीडर पन्नासच्या वर जात नाही. हे मला झोपेतसुद्धा माहीत आहे. त्या दिवशी मी ड्युटीवर होतो. मिल बंद असणार हे ठाऊक होतं, आणि स्क्रीनवर शहाऐंशी होते. मी पाहिलं. मनात आलं, करीचे शहाऐंशी कसे? मग मनातच म्हटलं, असतील. आणि चौकोनात शहाऐंशी लिहिले. त्याच दिवशी बेचाळीस पावलं चाललो असतो तर बाबूलाल पुढे तीन आठवड्यांनी जिवंत तारेखाली बसला नसता. करीलाच स्क्रीन खोटी बोलत होती, म्हणजे रविवारचा बॅकअप सडलेलाच होता. तो सगळीकडे बसवला की तुकडे परत जागच्या जागी बसणार, आणि चढणारा कोणत्या तरी गावचा बाबूलाल असणार, ज्याची मिल वेळेवर बंद होणार नाही.

"मॅडम," मी म्हणालो, "हे आकडे मीटरचे नाहीत." साहेबांनी आधी मान वर केली. मी सगळं सांगितलं, खोडरबरासकट. करीचंही सांगितलं, मॅडमना कर म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही, त्यांनी नुसतं कॅलेंडर मागवलं आणि तारखेवर बोट ठेवलं. "तुम्हाला कळलं होतं," त्या म्हणाल्या. मी हो म्हणालो. मग त्यांच्या तोंडून ऑफिसची भाषा गळून पडली. "मंग लिवलं काहून तुमी?" असं त्यांनी विचारलं, रागानं नाही, घरातल्या माणसाला विचारावं तसं. चौकोन रिकामा दिसला असता म्हणून, एवढंच खरं होतं, आणि ते बोलण्यासारखं नव्हतं. साहेब उठून बाहेर गेले. मॅडमनी लॅपटॉप ओढून पोळ्याच्या आधीचा बॅकअप कुठे आहे याची विचारणा सुरू केली. जुलैचा एक कुठल्याशा कपाटात निघाला. निघताना त्या म्हणाल्या, "अहवालात दोन्ही लिहावं लागेल मला. आकडे खोटे होते हे, आणि तुम्ही सांगितलं हे." मी म्हणालो, लिहा.

दुसऱ्या दिवशी निलंबनाचं पत्र आलं, अमलात पाळी संपल्यापासून. तेवढी पाळी मी केली. नव्या आदेशात लिहिलं होतं की परमिट लोकलवरून, दांडा ओढून, लाईनमनच्या समक्षच द्यावं. अकराला बाबूलाल आला. खोलीत आला नाही, गेटपासून सरळ गिट्टीवर गेला. मी चावी फिरवली, बटण दाबलं, धाड झालं, दांडा ओढला. त्यानं गळ्यातला दुपट्टा काढून बांधला, गाठ ओढून पाहिली. "मॅडमले तूनंच सांगतलं म्हन्ते?" मी मान हलवली. "तू बसल्या बसल्या लिवते हे समद्यायले मालूम व्हतं," तो म्हणाला, "मलेबी." "मंग बोलला काहून नाई?" मी विचारलं. त्यानं दुसरी गाठ मारली. "तूबी त आवाज नाई आला तवा बसूनच राह्यला." काम संपल्यावर तो दुपट्टा सोडायला आला तेव्हा मी थर्मास घेऊन तिथेच उभा होतो. तो चहा प्यायला. चहाला नावं ठेवली नाहीत, त्याचंच मला वाईट वाटलं.

त्या दिवशीच्या लॉगशीटवर मी नऊचा आकडा लिहिला, दहाचा लिहिला, बारापासूनचे सगळे लिहिले, प्रत्येक वेळी जाऊन, पाहून. अकराला बाबूलाल आला आणि लाईन बंद करायच्या गडबडीत मीटर पाहायचा राहिला. चौकोन तसाच सोडला. चारला पुढच्या पाळीचा माणूस आला, त्यानं सवयीनं पेन्सिल काढली आणि म्हणाला, "हा राह्यला वाटते, टाकू काय अठ्ठ्याऐंशी?" मी नको म्हणालो. माझ्या नावाखाली तो एकच पांढरा चौकोन, मी दारातून परत वळून पाहिला.

सातला दीपाचा फोन आला. "बाबा, जेवले काय?" तोंड उघडलं होतं, पालकाची भाजी ओठांवर आली होती. "थांब," मी म्हणालो, "पाहून सांगतो." फोन कानाला तसाच धरून उठलो, पातेल्यावरचं झाकण काढलं. सकाळचा भात वाळून कडेला चिकटला होता. "नाई जेवलो," मी म्हणालो. "सकाळीबी नाई. आन मी बरा नाई दीपा. लय दिवसाचा नाई." तिनं फोन ठेवला असं वाटून मी कान घट्ट लावला, आणि मग मला तिच्या खोलीतला पंखा फिरताना ऐकू आला.